सेनेखा महाराजांचा न घासलेला वाडगा

मी, इरिका, वडिलांचे नाव मेसेन, धंदा दगडी भांड्यांवर राजांची नावे कोरण्याचा, राहणार पांढरा तट, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. हात म्हातारा झाला, डोके शाबूत आहे. पुतण्या सेत्का गावभर याच्या उलट सांगत असणार, म्हणून आधीच नोंदवले.

१. घर, खजुराची दोन झाडे आणि बदके माझी मुलगी हेनुत हिला.

२. सेत्का बारा वर्षे माझ्या हाताखाली आहे. डावरा आहे, रेघ उलटी झुकते, शंभरदा सांगून झाले. बोलतो कमी, आणि गप्प माणूस मनात काय शिजवतो ते कळत नाही. परवा मी विचारले, "राजवाड्यातल्या मुद्राधिकाऱ्याच्या माणसाशी काय कुजबुजत होतास रे?"

"काका, तो तुमची तब्येत विचारत होता."

"मग मला का नाही विचारली?"

"तुम्ही विचारणाऱ्याच्या अंगावर धावून जाता ना!"

तयार उत्तरावर माझा विश्वास नाही.

३. सेनेखा महाराज गादीवर तीन पूर, म्हणजे तीनच वर्षे, टिकले. राजाला तीन नावे असतात, त्यांची तिन्ही मीच कोरली: ससाण्याच्या चिन्हाखालचे, गिधाड आणि नागीण या दोन देवींचे, लव्हाळा-मधमाशीच्या चिन्हाचे. ते गेले आणि हुकूम आला, भांडी तीच ठेवा, नावे घासून नव्या महाराजांची घाला. ज्याचे नाव कोणी वाचत नाही त्याला परलोकी भाकर मिळत नाही, हे माहीत असून मी घासली. त्याची लाज वाटते. एकच वाडगा मी लपवला. तो सापडला तर घरादाराचे वाटोळे होईल.

हेनुतला सांगितले, तो पाट्याखाली आहे. शेजारचा कारागीर पेहु याला सांगितले, बदकांच्या खुराड्यात. सेत्काला, चुलीमागे. तिन्ही थापा. जिथली माती उकरली जाईल, तिथला माणूस फितूर.

४. कोरण्याची हत्यारे, म्हणजे तांब्याच्या छिन्न्या आणि गारगोटीची पाती, पेहुला. सेत्काला काही नाही.

५. आज तिन्ही जागा तपासल्या. माती जशीच्या तशी. मग माझ्या उशालगतच्या भिंतीतली वीट काढली, खरी जागा तीच. वाडगा होता, महाराजांची तिन्ही नावे धडधाकट. त्यांच्या खाली नवे, बारीक कोरलेले होते: इरिकाने कोरले. रेघ उलटी झुकलेली.

सेत्काला हाक मारली. "गाढवा, राजाच्या वाडग्यावर कारागिराचं नाव घालतात का कधी?"

"मग तुमचं कोण वाचणार, काका?"

"जागा कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"तुम्ही ठेवलात त्याच दिवसापासून. वीट वाकडी बसवली होतीत. मीच सरळ केली."

मी लेखणी पुन्हा उचलली.

६. कलम चार रद्द. हत्यारे सेत्काला. वाडगा माझ्या थडग्यात ठेवावा. सेत्काने आधी महाराजांची नावे मोठ्याने वाचावीत, मग माझे. माझ्या नावाची रेघ झुकलेली आहे. ती कोणीही घासून सरळ करू नये.

साक्षीदार: हेमी, कुंभार. इतेत, बिअर गाळणारी. दोघांनाही वाचता येत नाही, म्हणूनच निवडले.

स्वहस्ते: इरिका.
पांढरा तट, पुराचा तिसरा महिना, नव्या महाराजांच्या दुसऱ्या गुरेमोजणीचे वर्ष.