पुस्तकात नसलेला पाढा

आसेगाव,
९ सप्टेंबर २०२४

प्रिय उत्कर्षदादा,

सप्रेम जय भीम. आईचे गुडघे जरा बरे आहेत. सोयाबीनला शेंगा भरल्यात. फोन सोडून पत्र कसं, म्हणून हसशील. माझा फोन दिवसभर वर्षाराणीकडे असतो आणि ती माझ्या शेजारी. शेजारच्या भागिरथामावशीची मुलगी, बारावी झालेली. माझ्याकडे प्रोग्रामिंग शिकते.

विचारायचं एवढंच: घरी बसून शिकणाऱ्याने पहिली भाषा कोणती घ्यावी? दहा दिवसांत सी सोडून पायथन जमेल का?

हो, तू पायथनच म्हणाला होतास. मीच अडून बसले. सोपं ते शहरातल्यांसाठी, आपल्या पोरी पक्क्या व्हायला हव्यात, असं काहीतरी फुशारकीने बोलले. खरं म्हणजे तुझं डिप्लोमाचं सीचं पुस्तक घरात होतं आणि ते मी पाठ केलं होतं.

वर्षाराणीनेही केलं. बेचाळीस प्रोग्राम वहीत लिहून, एक अर्धविराम न चुकता. मी गावभर कौतुक सांगत फिरले.

परवा तिला म्हटलं, "प्रोग्रामने पाचाचा पाढा छापतेस, तसा साताचा छाप."

"ताई, साताचा त आपल्या पुस्तकातच नाही न!"

मी चिडले. आकडा बदलून दाखवला. मग तोऱ्यात म्हणाले, "आता हाच उलटा, सत्तरपासून खाली." आणि माझाच हात थांबला. तोही पुस्तकात नव्हता.

"सांग न ताई, मी लिहून राह्यली."

लाईट जाईल, उद्या बघू, म्हणाले.

दादा, एक सांगायचं राहिलं. तिचा नर्सिंगला नंबर लागला होता. मावशी विचारायला आली, "दीपा, पोरीले पाठवू का नको? तू म्हनशील तसं." मी नको म्हणाले. प्रवेशाची तारीख गेली. आता १९ला अकोल्यात एका कंपनीची परीक्षा आहे आणि तिथे कुणी पुस्तकातलं विचारणार नाही. मावशीने अंगणातून नुसती हाक मारली तरी मी मागच्या दाराने बाहेर पडते.

मला येत नाही, दादा. एकही भाषा येत नाही. रविवारी ये. भाषा तू निवड, तिच्यासमोर मला काय बोलायचं ते बोल, पण ये.

हे पत्र पोस्टात टाकायला तीच निघाली आहे. "दादाले माह्याबद्दल चांगलं लिहिलं न?" विचारत होती. पाकीट दोनदा चिकटवलंय.

तिची ताई,
आणि तुझी घाबरलेली
दीपा