तक्त्याच्या वरची कोरी जागा

लातूर,
बुधवार, १६ नोव्हेंबर २००५

प्रिय पंढरीभाऊ,
सप्रेम जयभीम.

चि. महामायाच्या लग्नाची पत्रिका सोमवारी पोचली. २७ तारीख, भोकर. जावई उदगीरला नोकरीला आहेत हे वाचून बरं वाटलं. सरजाबाई वहिनींचा गुडघा कसा आहे? इकडे सरोजिनीची शाळा दिवाळीनंतर सुरू झाली. माझा दमाही थंडीबरोबर हजर झाला. लातूर आता तुम्हाला ओळखू येणार नाही. भूकंपानंतर तुम्ही किल्लारीकडे पुनर्वसनाच्या घरांवर गवंडीकाम करत होता, तेव्हा इथले लोक भिंतीला पाठ टेकायला घाबरत. आता तीन-तीन मजले चढलेत आणि प्रत्येक मजल्यावर एक क्लास. त्यातल्याच एकात मी गणित शिकवतो.

पोरगी पुढे शिकणार नाही का, असं विचारायला दोनदा पेन उचललं आणि खाली ठेवलं. मला ते विचारायचा अधिकार राहिलेला नाही. का, ते सांगायचंय, पण सुरुवात जमत नाहीये. आधी त्या यादीचं सांगतो.

जुलैत आमच्या मोफत तुकडीची परीक्षा झाली. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची वर्षभर तयारी, राहण्याजेवणासकट, जागा तीस. महामाया त्याला बसली होती. इंटरनेटवर आमचं एक चर्चेचं पान आहे, तिथे मुलं शंका विचारतात. निवडीची यादी तिथे लावायचं काम संचालक अमृतरावांनी माझ्यावर टाकलं. त्या पानावर तक्ता काढायचा तर रेघा ओढून भागत नाही, प्रत्येक रकान्यासाठी खुणा टाइप कराव्या लागतात. माझा हैदराबादचा भाचा गंधार, त्यानं त्या फोनवर शिकवल्या. आता मी पडलो गणिताचा मास्तर. फळ्यावर बरोबरची चिन्हं एकाखाली एक आली नाहीत तर मला जेवण जात नाही. मी एकेक खूण नव्या ओळीवर, समास सोडून, एकाखाली एक लिहिली. काय देखणं दिसत होतं! सरोजिनीला बोलावून दाखवलं.

पान लावलं, तर वर 'निवड यादी' एवढं शीर्षक आणि खाली सगळं पांढरं. पाच-सहा वेळा खाली सरकवलं तेव्हा कुठे तक्ता दिसला.

प्रत्येक ओळीनंतर मी एंटरचं बटण दाबलं होतं. त्या पानानं तेवढ्या मोकळ्या ओळी मोजल्या, दोनशेच्या वर, आणि सगळ्या उचलून तक्त्याच्या डोक्यावर नेऊन ठेवल्या. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी रकाने अरुंद केले, अक्षरं लहान केली, रेघा काढून टाकल्या. जागा तसूभर हलेना. गंधार बाहेरगावी, त्याचा फोन लागेना. इकडे प्रवेशाच्या खिडकीवर झुंबड. म्हटलं, राहू दे, खाली सरकवलं की दिसतंय, लोक काय आंधळे आहेत? अगदी याच शब्दांत म्हटलं होतं, भाऊ.

पाचव्या दिवशी गंधार सापडला. हसायलाच लागला. "मामा, सगळं एका ओळीत सलग लिहा, मधे कुठंच एंटर मारू नका." मी माझा देखणा तक्ता मोडून एक लांबलचक गिचमिड केली आणि पांढरी जागा गेली. दहा मिनिटांचं काम होतं. पण प्रवेशाची मुदत आदल्या संध्याकाळी संपली होती. तीस जणांत न आलेली एकच निघाली. तिची जागा प्रतीक्षायादीतल्या पहिल्याला दिली गेली.

त्याच दुपारी तुमचा फोन आला. तुम्ही म्हणालात, "सर, भोकरच्या इंटरनेटवाल्यानं पयल्या पानाचा कागद छापून दिला. चार दिस झाले. पोरगी म्हणती, बाबा, ह्यो तर कोराच हाय. तुमाला इचारायची लाज वाटत व्हती. तिचं नाव न्हाई म्हणावं का?"

मी म्हणालो, "नाही."

तुम्ही म्हणालात, "बरं सर. तुमी लई केलं." आणि फोन ठेवलात.

नाव होतं, पंढरीभाऊ. चौथं होतं.

'होतं, पण माझ्या हातून घाण झाली,' एवढंच म्हणायचं होतं. ते तोंडातून निघालं नाही. जागा तर गेलीच, आता सांगून पोरीला आणखी त्रास कशाला, अशी मी स्वतःची समजूत घातली. ते खरं नाही. मला लाज वाटली, आणि नोकरी जाईल अशी भीती वाटली. तुमच्या शेजाऱ्यांचा नंबर माझ्या डायरीत होता. त्या चार दिवसांत एक फोन केला असता तरी भागलं असतं. तोही केला नाही.

ऑगस्टमध्ये अमृतरावांकडे गेलो. म्हणाले, "गुरुजी, एकतिसावी खुर्ची ठेवू कुठं?" दिवाळीआधी पुन्हा गेलो. म्हणाले, अर्धा अभ्यास झालाय, पुढच्या वर्षी बसवा तिला. तुमची पत्रिका आल्यापासून ते 'पुढच्या वर्षी' माझ्या कानातून जात नाही. लग्न थांबवा म्हणू, तर कोणत्या तोंडानं? गप्प बसू, तर ती जन्मभर स्वतःला नापास समजणार. भूकंपानंतर किल्लारीकडे उभारलेल्या पत्र्याच्या शाळेत ती माझ्या पुढ्यात बसायची, आठ वर्षांची. हातचा विसरली की स्वतःच्याच डोक्यात टपली मारायची. तशी ती गेले चार महिने स्वतःला मारत असेल.

आणखी एक. सही सोडली तर लिहिणं-वाचणं तुमच्या वाट्याला आलं नाही. घरी आलेलं पत्र महामायाच वाचून दाखवते, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणजे 'प्रिय पंढरीभाऊ' हेही माझं एक ढोंगच.

बाळ महामाया, तू आता मोठ्यानं वाचायची थांबली असशील. बाबा "पुढं काय हाय?" म्हणून विचारत असतील. चारशे बारा मुलांत तू चौथी आली होतीस. कमी तू पडली नाहीस, मी पडलो. आणि बाबांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो. लग्न कधी करायचं, पुढे शिकायचं का, हे तू ठरव. ठरवताना तुझ्यापाशी खरी गोष्ट असावी, याहून जास्त आता माझ्या हातात काही नाही. माफी मागत नाही, ती द्यायचं ओझं तुझ्यावर नको.

बाबा वाट बघताहेत. पुन्हा पहिल्यापासून वाच, आणि त्यांना सगळं ऐकव.

तुला 'नाही' म्हणालेला,
रेणुकादास गुरुजी