सोमल आणि माझा शांत स्वभाव

३ नोव्हेंबर, कुंडल
आज सांगलीला हार्टच्या डॉक्टरांकडे. बीपी वाढलेलं, शुगर वाढलेली, कार्डिओग्राम बरा नाही. मागच्या खेपेला माझ्या नखांवरच्या पांढऱ्या पट्ट्या बघून त्यांनी लघवीची वेगळी टेस्ट करून घेतली होती. तिच्यात आर्सेनिक निघालं. म्हणजे सोमल! उंदरांना घालायचा! म्हणाले, थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं की हृदयाच्या नळ्या, शुगर, सगळं बिघडवतं. खाण्यात काय असतं, पाणी कुठलं, हे विचारलं. खरं ते सांगितलं. दोन वेळ भात, माझ्या वर्कशॉपच्या बोअरचं पाणी. आटपाडीच्या जडीबुटीवाल्याकडून ताकदीची पुडी घेतो ते सांगितलं नाही. त्यांनी खाणं विचारलं होतं. पुडी औषध आहे.
राग बंद करा, असंही म्हणाले. मला राग येतच नाही. त्यांच्या टेबलावरचं प्लास्टिकचं हृदय माझा हात लागून फुटलं.

४ नोव्हेंबर
संकल्प : शांत राहणे. विष कोण घालतंय ते शोधणे.
तांदूळ नानासोच्या दुकानाचा. एकाच तालमीत वाढलो आम्ही. म्हणून आधी प्रेमानं विचारलं. तो हसला. म्हणाला, "शमशेर, मीबी त्योच तांदूळ खातोय की रं."
हसायला नको होतं. पोत्यांवर ढकलला. नंतर वजनकाटा त्याच्या अंगावर गेला. मी फेकला म्हणून गेला, पण तेवढ्या जोरात जाईल असं वाटलं नव्हतं. कट् असा आवाज आला. काट्याचाच असणार.

५ नोव्हेंबर
आवाज त्याच्या हाताचा होता. उजव्या. प्लास्टर घातलंय. नानासोनं पोलिसात दिलं नाही. जिन्यावरून पडलो म्हणून सांगतोय. त्याच्या दुकानाला जिनाच नाही. म्हणजे चूक त्याचीच, आणि त्याला ती कळलेली दिसते.

९ नोव्हेंबर
बोअरवर संशय. मोटर घणानं फोडली. अगदी शांतपणे. कामगार उगाच लांब पळाले. नंतर छातीत कळ, डाव्या हाताला मुंग्या. गॅस. आज दोन पुड्या घेतल्या.

१० नोव्हेंबर
अल्फियानं सांगलीहून आईला फोन केला. माझी पोरगी, फार्मसी शिकते. भात भरपूर पाण्यात शिजवून पाणी ओतून टाकायचं, म्हणजे आर्सेनिक कमी होतं म्हणे. बायकोनं, हुसेनबीनं, तसा केला. मोकळा, बेचव. पातेलं भिंतीवर मारलं. भिंतीवर. माणसावर नाही. हा फरक कुणी लक्षात घेत नाही.
रात्रीपर्यंत हुसेनबी भावाकडे वडूजला गेली होती. तिला विश्रांतीची गरज होतीच.

२१ नोव्हेंबर
अल्फिया आली. मला न विचारता तांदूळ, पाणी आणि पुडी आईकडून मागवून तिन्ही लॅबला दिली होती. पाण्यात काही नाही. तांदळात थोडं निघतं तेवढंच. पुडीत मात्र रग्गड.
लॅब चुकली, असं मी म्हणालो. ती म्हणाली, पुडी बंद करा. मी म्हणालो, बापाला शिकवू नको. मग ती हळूच म्हणाली, "अब्बा, आता मला मारणार?"
माझा हात वर गेलेला होता. कधी गेला ते माहीत नाही. डोकं खाजवायला असेल. तिनं मान वळवली नाही. मीच बाहेर गेलो.

२२ नोव्हेंबर (२६ला लिहिलं)
आटपाडीचा बाजार. जडीबुटीवाला छत्रीखाली बसलेला. प्लॅन सोपा होता : एक धोबीपछाड, मग त्याच्याकडून जाहीर माफी. बरण्या फोडल्या, टेबल उलथलं, कॉलर धरली. तो म्हणाला, "पैलवान, डबल पावरची द्या असं तुमीच म्हणत हुता न्हवं?"
एक ठोसा बसला. नाकातून रक्त आलं त्याच्या. दुसरा ठोसा हवेतच राहिला. छातीवर कुणीतरी ट्रॉली ठेवल्यासारखं झालं.
पडलो तो त्याच्याच मांडीवर. त्यानंच पाणी पाजलं, त्यानंच लोकांना हाका मारून मला जीपमध्ये घातलं. नाक पुसत. मग पळाला. अजून सापडलेला नाही.

२६ नोव्हेंबर, सांगली, हॉस्पिटल
दोन स्टेंट. उजव्या मनगटातून तार घातली होती, डाव्या हातात सलाईन. आज जरा लिहिता येतंय. डॉक्टर म्हणाले, पुडी सुटली की अंगातलं विष निघत जाईल, पण हृदयाचं जे झालं ते झालं. यावेळी मीही त्यांना पुडीचं सगळं सांगितलं.
हुसेनबी आली नाही. अल्फिया येते, औषधं देते, बाहेर जाऊन बसते.
परवा नानासो आला. हात गळ्यात बांधलेला. मला काहीतरी बोलायचं होतं. तो म्हणाला, "गप ऱ्हा. खा." आणि डाव्या हातानं वरण भरवायला लागला. सवय नाही त्याला. एक चमचा तोंडात, एक गळ्यावर. गरम होतं. रागाची मोठी लाट आली.
आ केला.