माझी कंबर आणि गल्लीचा सलोखा

प्रिय वहिनी,

तुम्हाला वाकून नमस्कार लिहिणार होतो, पण सध्या वाकणं हा आमच्याकडे नाजूक विषय आहे, तेव्हा ताठ उभ्याने केलेला गोड मानून घ्या. तुमचे गुडघे कसे आहेत? दादा डॉक्टरांनी सांगितलेलं फिरणं फिरतो का, की फाटकापर्यंत जाऊन पेपर घेऊन परत येतो? इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून, आणि माझ्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही.

मागे गल्लीत दगडफेक झाली आणि माझ्या चष्म्याच्या दुकानाची दर्शनी काच गेली, हे फोनवर सांगितलंच होतं. काच समोरच्या, दुकानांची शटरं बसवणाऱ्या शटरवाल्याच्या पुतण्याने फोडली असं कुणीतरी म्हणालं आणि मला ते लगेच पटलं. (वाईट ऐकलेलं पटायला मला पुरावा लागत नाही.) शटरवाला धर्माने पलीकडचा, पण सवयीने इतका अलीकडचा की सकाळचा चहा आम्ही माझ्याच बाकावर बसून प्यायचो. तो चहा बंद झाला. तो दिसला की मी काउंटरखाली काहीतरी शोधायला लागायचो. इतकं शोधलं, की हरवलेले दोन-चार स्क्रू खरंच सापडले.

शेवटी दोन्हीकडच्या धर्मगुरूंनी मिळून एक बाई बोलावल्या. त्या म्हणे आयत्या वेळी सुचेल ते नाटक आणि नाच करायला लावून बिघडलेली माणसं जुळवतात. मी जाणार नव्हतो, पण तुमच्या जाऊबाई परस्पर माझं नाव देऊन आल्या. (घरात तोंड पाडून बसताय ते तिथे जाऊन बसा, एवढाच त्यांचा उदात्त हेतू.) शाळेच्या सभागृहात बाईंनी नियम सांगितला: समोरचा काहीही बोलो, आपण ‘हो, आणि’ म्हणून पुढे जायचं, ‘नाही, पण’ म्हणायचं नाही. वहिनी, माझा सगळा संसार आणि अर्धा धंदा ‘नाही, पण’वर उभा आहे. त्यात जोडीला आला तो नेमका शटरवाला. तो म्हणाला, आपण एका होडीत आहोत. मी म्हणालो, नाही, पण मला पोहता येत नाही. बाईंनी पुन्हा करायला लावलं, तेव्हा मी म्हणालो, हो, आणि होडीला भोक आहे. सगळे हसले, तो हसला नाही.

शेवटच्या दिवशी गल्लीसमोर बिनशब्दांचा नाच होता. मी पूल व्हायचं आणि त्याने तो ओलांडायचा. (पुलाची कल्पना माझीच. कमीत कमी हलावं लागेल असं काहीतरी मी शोधत होतो.) मी वाकलो, तो जवळ आला, आणि माझ्या कमरेत कट्टकन वाजलं. धडपडत मी त्याच्या कमरेला जी मिठी मारली, ती सुटेना.

‘सोड की,’ तो कानाशी कुजबुजला.

‘सुटत नाही. कंबर धरलीय.’

त्याने मला तसंच खाली ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण त्याने दोन्ही हातांनी मला तोलून धरलं. विंगेतून बाई हळूच म्हणाल्या, सुंदर, असेच राहा. (दुसरा इलाज होता कुठे?)

थोड्या वेळाने तो म्हणाला, ‘तुझी काच माझ्या पुतण्याने नाही फोडली. त्या दिवशी मी त्याला माझ्याच शटरच्या आत कोंडून ठेवलं होतं, बाहेर पडू नये म्हणून.’

‘मग सांगितलं का नाहीस?’

‘तू विचारलंस कुठे? तू तर बघणंच बंद केलंस.’

लोकांना नजर विकून पोट भरणाऱ्या माणसाला हे ऐकून रडू आलं, वहिनी. कंबरही ठणकत होती, त्यामुळे कशाचं किती ते वेगळं काढता येणार नाही. लोकांनी मात्र सगळे अश्रू सलोख्याच्या खात्यात टाकले. पुढच्या रांगेतले दोन्ही धर्मगुरू उठून एकमेकांच्या गळ्यात पडले. आम्हाला त्याच अवस्थेत उचलून नेलं तेव्हा टाळ्या थांबेनात, आणि मागून कुणीतरी ‘पुन्हा एकदा’ म्हणालं.

त्यामुळे गल्लीत सगळं आलबेल झालंय असं नाही. आमच्यातले काही जण मला ‘पूलसाहेब’ म्हणतात, आणि ते प्रेमाने नव्हे. पण रोज सकाळी शटरवाला घरी येतो, माझ्या बुटांच्या नाड्या बांधतो, हाताला धरून दुकानापर्यंत नेतो, आणि मग बाकावर चहा होतो.

दादाला आणि पोरांना माझी आठवण सांगा.

तुमचा दीर

ता. क. दादाच्या वाढदिवसाला येतोय, पण एकटा नाही. गाडी शटरवाला चालवणार आहे, तेव्हा अंथरुणं दोन घाला. तो जेवायला माझ्या शेजारी बसेल. ‘त्या लोकांना’ दादा घरात घेत नाही, हे ठाऊक आहे, म्हणून तर पत्र तुम्हाला. त्याला सांगा, भाऊ जायबंदी आहे, सोबतीशिवाय त्याला पाऊल टाकता येत नाही.

आणखी ता. क. हे फक्त तुम्हाला: कंबर केव्हाच बरी झाली. डॉक्टर म्हणतात, हवं तर पळा. शटरवाल्याला मी अजून सांगितलेलं नाही. त्यालाही काही शंका आली असावी. काल नाडीची गाठ मारताना म्हणाला, ‘घाई करू नकोस. कमरेचं दुखणं चांगलं वर्षभर चालतं.’