लाल बाजू

शनिवार, संध्याकाळ

टेबलावरच उकळणारं, जिन्नस बुडवून शिजवत खायचं हॉटपॉटचं भांडं मधोमध विभागलेलं होतं. एकीकडे लाल तिखट रस्सा, दुसरीकडे साधा. केमोमुळे पल्लवीचं तोंड आतून सोलून निघालंय, म्हणून तिला साधाच. ठरवलं नव्हतं, तरी रुचा आणि मीही साध्यातूनच घेत राहिलो. मी आच दोनदा कमी केली. लाल बाजू तरी उकळतच होती.

शेवटी पल्लवी चिडली. "लाल काहून तशीच सोडून राहिल्या वं? माझ्या मयतीले आल्या का?"

रुचा मान खाली घालून बसली. पल्लवीला न विचारता तिच्यासाठी उपास धरायला आम्हाला सांगितलं कुणी?

पल्लवीने लाल रश्शातलं एक मशरूम उचललं, नाकाशी धरून वास घेतला आणि माझ्या वाटीत टाकलं. "खाऊन सांग. आपल्या सावजीपुढे कसं आहे?"

कॉलेजात सावजी रस्सा भुरकून आमच्या घामावर हसायची ती.

मी ते तोंडात टाकलं. माझे कान तापले, घशात जाळ झाला.

"पाणी आहे नुसतं," मी म्हणाले. "तुझं काही हुकलं नाही."

हिशेबात आकडासुद्धा पुढेमागे न करणारी मी, आणि हे खोटं बोलले.

पल्लवीने आपला पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.