चौथ्या मजल्यावर पाणी न चढणारं कॉलेज

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार.

तुझी कंबर कशी आहे? भाऊजींना खोकल्याचं औषध तूच देतेस ना, की तेच तुला कंबरेचं देतात? इकडे सगळे जिवंत आहेत, याहून बरी बातमी नाही. (फोनच केला असता, पण दोन खोल्यांचं घर आणि पोरीचे कान तिखट.)

तुझ्या भाचीला बारावीत भरपूर मार्क पडले आणि तेव्हापासून घरात कोणी हसलेलं नाही. नापास झाली असती तर एकदाच रडून मोकळे झालो असतो. तिला इंजिनिअरच व्हायचंय. (लहानपणी माझ्या पान्यांच्या पिशवीशी खेळायला सोडली, ते आता भोवतंय.) सरकारी कॉलेज दीड मार्काने हुकलं. मग खाजगी पाहायला निघालो. पहिलं सगळं काचेचं. फीचा आकडा वाचून मी पाणी मागितलं, तर तेही बाटलीतलं आलं. तुझी वहिनी म्हणाली, खुर्च्या किती मऊ आहेत गं बाई! दुसरं स्वस्त होतं, पण प्रयोगशाळेला कुलूप, किल्ली सरांकडे, सर रजेवर, आणि हे सर दिसतात कसे ते शिपायालाही आठवेना.

तिसरं कॉलेज बरं होतं, शिकवणारेही जागेवर होते. फीत सवलत हवी तर पालकांनी अकरा वाजता प्राचार्यांना भेटायचं. नवा शर्ट घालून गेलो, हात धुवायला वळलो, तर नळ गळत होता. ताई, वीस वर्षं नळाचं काम केलेल्या माणसाला ती टपटप सोसत नाही. पाना खिशात होताच (वहिनी सांगते, लग्नातही होता). दोन मिनिटांचं काम, पण खालचा पाइपही सुटलेला. तेवढ्यात कोणीतरी डोकावून, तिसऱ्या मजल्यावरचंही बघा, म्हणून गेला. मला वाटलं, सवलतीसाठी हे करावं लागत असेल. गेलो. तिथून चौथ्यावर, तिथून गच्चीवरच्या टाकीकडे. खाली आलो तेव्हा दीड वाजला होता, शर्टाचं पोतेरं झालं होतं आणि पोरगी प्राचार्यांसमोर एकटी बसून, बाबा येतीलच, असं अडीच तास सांगत होती. मला पाहताच प्राचार्य कडाडले, दोन महिने फोन करतोय, आज उगवलात होय! तेव्हा ती उठून म्हणाली, "सर, हे माझे बाबा." धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

पण गृहस्थ भला निघाला. चौथ्या मजल्यावर जाऊन स्वतः नळ सोडून, पाणी चढतंय हे पाहून आला आणि म्हणाला, चार वर्षं आमचे नळ सांभाळा, फी अर्धी करतो. मी जागच्या जागी हो म्हटलं. आता पोरगीच फॉर्म भरत नाही! बापाची लाज वाटत असेल म्हणून मी सांगितलं, मागच्या फाटकाने येत जाईन, ओळख दाखवणार नाही. त्यावर तिने बोलणंच टाकलं. मुदत पंधरा तारखेपर्यंत आहे. मला काही सुचत नाही गं.

तुझा,
धाकटा

ता. क. ती घरूनच जाईल, तेव्हा आम्ही पोरगी तुझ्या गळ्यात घालतोय म्हणून भाऊजींनी घाबरू नये.

आणखी ता. क. मुद्द्याचं राहिलंच. लाजेचं काही नाही, हे काल कळलं. डॉक्टरांचा कागद तिला सापडला. माझे दोन्ही गुडघे झिजलेत, उकिडवं बसायचं नाही, जिने चढायचे नाहीत. (उकिडवं न बसता करायचं नळकाम मी अजून पाहिलेलं नाही.) म्हणते, एक वर्ष नोकरी करते, मग बघू. मग बघू म्हणून आपण दोघांनी काय काय सोडलं, ते तुला ठाऊक आहे. तेव्हा तेवढा फोन कर तिला. सांग, त्याचे गुडघे लहानपणापासून असेच आहेत, त्याला काही होत नाही. तुझं खोटं तिला पटेल. मीही सांगून पाहिलं, पण तेव्हा जमिनीवर बसलो होतो, आणि उठताना तिलाच हात द्यावा लागला.