तांब्याभर पाणी

नाहूर, ५ जानेवारी १९८४

ती. आईस,
नंदूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं टाळत होतो, खरं सांगतो. गोराईला माझा दोस्त खंडू, त्याच्या होडीवर मजेत होतो. तिथं एक कुत्रा असा मागे लागला की... जाऊ दे. निरोप आला म्हणून मालनताईकडे आलो. तिला मुलगी झाली. झकास आहे, नाक बाबांचं. त्यांना सांगू नकोस.

पण इस्पितळातून आणल्यापासून ताईला ताप आहे. कुडकुडते, ओटीपोट दुखतं म्हणते. विद्याधरभावोजी कामावर नाशिकला. शेजारच्या शेवंतीकाकू म्हणतात डॉक्टरला दाखव, ताई म्हणते आधी आईला विचार. सारखं पाणी मागते, मग बाळंतिणीला पाणी देत नाहीत हे तिलाच आठवतं नि भांडं बाजूला सारते. काय करू? तू येतेस का?

तुझा भटक्या,
नंदू

वेंगुर्ला, ९ जानेवारी

चि. नंदूस, अ. उ. आ.

पत्र वाचून घास उतरला नाही. अरे, दूध उतरताना अंग तापतंच. खाटेखाली शेगडी ठेव, ओव्याची धुरी दे. पाणी घोटभरच, जास्त बाधतं. मी धावत आले असते रे, पण मालूनं न विचारता लग्न केलं तेव्हापासून ह्यांच्यासमोर तिचं नाव काढायची सोय नाही. तुझं पत्र तांदळाच्या डब्यामागे लपवलं होतं, तेही सापडत नाही. माझं डोकंच ठिकाणावर नाही.

तिला जप, स्वतःही जेव.
आई

नाहूर, १४ जानेवारी

ती. आईस, शि. सा. न.

रागावू नकोस. तुझं उत्तर यायच्या आधीच ताई तापात बडबडायला लागली. काकूंना घेऊन रिक्षात घातली. डॉक्टरीणबाई माझ्यावरच उखडल्या. वारेचा तुकडा आत राहून सडला होता, अजून उशीर केला असता तर बाई हातची गेली असती म्हणाल्या. तो काढला, इंजेक्शनं दिली. काल घरी आणली. ताप उतरलाय, पण संध्याकाळी पुन्हा कणकण होती.

भरपूर पाणी पाजा, असं त्यांनी बजावलंय. पण तुझं पत्र वाचून ताईनं पुन्हा भांडं सारलं. आई सांगते ते खोटं कसं, म्हणते. ओठ फुटलेत गं. मी काय, रिकामटेकडा, माझं कोण ऐकतंय? तूच लिही ना तिला, पी म्हणून. आजच टाक पत्र.

वाट बघतोय,
नंदू

ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात दार वाजलं. आई, बाबा आलेत! हातात माझं हरवलेलं पत्र. डॉक्टरीणबाईंनी पाण्याचं बजावलंय ते मी सांगितलं. त्यांनी चपला काढल्या, उकळून ठेवलेल्या पाण्यानं तांब्या भरला नि ताईपाशी बसले. म्हणाले, तुझी चंपाआत्या बाळंतपणात पाणी मागत मागत गेली, घरात कुणी दिलं नाही. तू पी गं.

ताई पितेय. बाबा दुसरा तांब्या भरायला उठलेत.